एक बुरूज कमी

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. दक्षिणेच्या शिवेवर गोदावरी आहे आणि शहरातून कुंडलिका वाहते, निदान वाहते असं म्हणण्याची पद्धत आहे. मुंबईचा समुद्र रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरहून लांब. आमच्याकडे गप्पा चालतात त्या बियाण्याच्या, सळईच्या आणि मोसंबीच्या भावाच्या. अशा गावात एका निवृत्त गणित शिक्षकाने चार महिने जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग अडवून दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश युद्धनौका बांधावी, हे शेजाऱ्यांना जरा विचित्रच वाटलं. पण या नौकेची कथा जितकी इंग्रजांची आहे तितकीच आपलीही आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

आधी खेळण्याविषयी. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक पुठ्ठ्याची पेटी असते. तिच्यावर उसळत्या लाटा, धूर आणि आग ओकणाऱ्या तोफा असं झोकदार चित्र. आत मात्र राखाडी प्लॅस्टिकच्या काही चौकटी आणि एक सूचनापत्रक. सगळे सुटे भाग त्या चौकटींना लहान देठांनी चिकटलेले असतात, फांदीला मोसंबी लटकावी तसे. पात्याने देठ कापायचा, कानशीने घासायचा, आणि प्लॅस्टिक विरघळवून सांधणाऱ्या खास द्रवाने एक भाग दुसऱ्याला जोडायचा. माझी पेटी एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची. निकोलस कोव्ह नावाच्या गृहस्थांनी १९३९ साली ती लंडनमध्ये काढली, तेव्हा ती फुगवायची रबरी खेळणी बनवी. पुढे कंगवेही बनवले. जोडायच्या जहाजांचा मार्ग तिला १९५२ च्या सुमारास सापडला. गंमत म्हणजे मधली काही वर्षं या कंपनीच्या पेट्यांवर 'मेड इन इंडिया' असा शिक्का असे. म्हणजे इंग्रजांच्या पराक्रमाचे तुकडे आपलेच कामगार साच्यातून काढत होते आणि ते इंग्लंडातली मुलं जोडत होती.

माझ्यातल्या गणित शिक्षकाला जी ओढ लागली ती प्रमाणाची. या पेटीतलं जहाज खऱ्याच्या सहाशेपट लहान. मूळ नौका सुमारे १६९ मीटर, म्हणून प्रतिकृती २८ सेंटिमीटर, शाळकरी पट्टीहून किंचित आखूड. साडेपाच फुटी खलाशी या हिशेबाने तीन मिलिमीटरही भरत नाही, तिळाएवढा माणूस. असे सहाशेच्या आसपास तीळ त्या पोलादी पेटाऱ्यात राहत, जेवत, झोपत आणि लढत. तोफेच्या तोंडाचा व्यास सहा इंच. सहाशेने भागला की पाव मिलिमीटर. इतकी बारीक नळी प्लॅस्टिकच्या साच्यातून निघत नाही, म्हणून पेटीतल्या तोफा नेहमीच गुटगुटीत. हौशी माणसं त्या कापून बारीक तार बसवतात. मीही बसवली. डोलकाठ्यांमधले दोर करायला चौकटीचाच उरलेला तुकडा ज्योतीवर धरायचा, मऊ झाला की दोन्ही टोकं हळूच ओढायची. केसासारखा धागा निघतो. ज्योत देवघरातल्या निरांजनाची होती. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही.

ही पेटी मुलाने परदेशातून येताना आणली. मी सांगितलं होतं ॲकिलीस नावाच्या क्रूझरचं काहीतरी बघ; त्याला दुकानात मिळाली ती तिची सख्खी बहीण, एजॅक्स. दुकानात म्हणे रांगच्या रांग बॅटलशिपांची होती. हा फरक सांगायला हवा. बॅटलशिप म्हणजे आरमारातला हत्ती : पस्तीस हजार टनांच्या पुढचं धूड, चौदा ते सोळा इंची तोफा. वॉरस्पाइट, रॉडनी, प्रिन्स ऑफ वेल्स ही त्यातली नावं. हूडसारखी अवाढव्य बॅटलक्रूझर याच प्रमाणात बांधली तर ४४ सेंटिमीटर होते. क्रूझर म्हणजे घोडा : सात हजार टन, सहा इंची तोफा, पण पळायला चपळ. भारताने बॅटलशिप कधी घेतली नाही. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्या हत्तींचा काळच संपत आला होता. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी प्रिन्स ऑफ वेल्स बुडवली, तेव्हाच ते जगाला कळलं होतं. आपण घोडा घेतला. तो हा.

पण या घोड्याने आधी एक हत्ती पळवला होता. १९३९ च्या अखेरीस 'ग्राफ श्पे' ही जर्मन युद्धनौका दक्षिण अटलांटिकमध्ये इंग्रजांची व्यापारी जहाजं बुडवत हिंडत होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीवर जहाजांच्या वजनाचं बंधन होतं, म्हणून त्यांनी लहान अंगाचं आणि मोठ्या तोफांचं जहाज काढलं. इंग्रज वर्तमानपत्रं त्याला 'पॉकेट बॅटलशिप' म्हणत. तिच्या कप्तानाचं नाव लांग्सडोर्फ. त्याने नऊ जहाजं बुडवली, पण त्यात एकही माणूस मरू दिला नाही, ही गोष्ट त्याच्या शत्रूंनीही नोंदवून ठेवली आहे. १३ डिसेंबरच्या सकाळी दक्षिण अमेरिकेतल्या प्लेट नदीच्या मुखाबाहेर तिची तीन ब्रिटिश क्रूझरांशी गाठ पडली. एक्झिटर, एजॅक्स आणि ॲकिलीस. ॲकिलीसवर बहुसंख्य खलाशी न्यूझीलंडचे होते.

हिशेब सरळ नव्हता. ग्राफ श्पेचा एक गोळा तीनशे किलोचा, ॲकिलीसचा जेमतेम पन्नास. समोरासमोर उभं राहिलं तर काय होईल हे पाचवीच्या पोरानेही सांगितलं असतं. म्हणून कमोडोर हारवुड यांनी ताफा दोन बाजूंना फोडला, की जर्मन तोफांनाही दोन दिशांना फिरावं लागावं. लढाई दीड तासही चालली नाही. एक्झिटरची दुर्दशा झाली, तिच्यावर ६१ माणसं गेली. एजॅक्सचे मागचे दोन्ही तोफबुरूज निकामी झाले. ॲकिलीसवर पोलादाच्या चिरफळ्या येऊन चार जण ठार झाले आणि कप्तान पॅरी यांच्या पायांना जखमा झाल्या. ते जागेवरून हलले नाहीत. ग्राफ श्पेही घायाळ झाली आणि उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात शिरली. उरुग्वे तटस्थ, त्यांनी दुरुस्तीला बहात्तर तास दिले. बाहेर मोठं ब्रिटिश आरमार जमलं आहे अशी हूल इंग्रजांनी उठवून दिली. लांग्सडोर्फने ती खरी मानली. १७ डिसेंबरला खलाशांना उतरवून त्याने स्वतःच्या हाताने आपलं जहाज उडवलं, आणि तीन दिवसांच्या आत ब्यूनोस आयर्समध्ये स्वतःला गोळी घालून घेतली.

पेटीवरचं चित्र या एका सकाळचं आहे. बांधणाऱ्याने ती सकाळच बांधावी अशी कंपनीची अपेक्षा असते. पण जहाजाचं आयुष्य एका सकाळीपुरतं नसतं.

५ जानेवारी १९४३ ला पॅसिफिकमध्ये, ग्वाडलकॅनालजवळ, जपानी विमानाचा एक बॉम्ब ॲकिलीसच्या मागच्या दोन बुरुजांपैकी वरच्यावर पडला. तेरा माणसं गेली. दुरुस्तीसाठी ती इंग्लंडला पोर्ट्समथ गोदीत आली, तर तिथे २२ जूनला टाकीत स्फोट होऊन गोदीचे चौदा कामगार मरण पावले. युद्धात ज्यांची नावं कुणी घेत नाही अशी ही माणसं. तो मोडका बुरूज पुन्हा बसवला नाही. त्या जागी विमानांवर मारा करायच्या हलक्या तोफा आल्या. म्हणजे चार बुरूज आणि आठ तोफा होत्या, त्या तीन बुरूज आणि सहा तोफा झाल्या. अशा उणेपणासह ५ जुलै १९४८ रोजी ती भारताच्या ताब्यात आली आणि तिचं नाव पडलं 'दिल्ली'. स्वतंत्र भारताची पहिली क्रूझर आणि आरमाराची ध्वजनौका.

त्याच वर्षी आपल्या नौदलाचे प्रमुख म्हणून जे ब्रिटिश अधिकारी आले, ते होते व्हाइस ॲडमिरल एडवर्ड पॅरी. होय, तेच, प्लेट नदीवर पायांना जखमा झालेले. ज्या जहाजावर रक्त सांडलं त्याच जहाजावर, वेगळ्या देशाचा प्रमुख म्हणून, माणसाने पुन्हा चढावं असा योग इतिहासात किती वेळा येतो? ते १९५१ पर्यंत इथे होते. १९५० च्या जूनमध्ये पंडित नेहरू याच जहाजाने इंडोनेशियाला गेले. पुढे प्लेटच्या लढाईवर इंग्रजांनी चित्रपट काढला, तो १९५६ साली पडद्यावर आला. त्यात एजॅक्स आणि एक्झिटर यांच्या भूमिका दुसऱ्याच ब्रिटिश जहाजांनी केल्या, ग्राफ श्पे तर एक अमेरिकन क्रूझर झाली. ॲकिलीसचं काम मात्र आपल्या दिल्लीने केलं. लढाई लढलेल्या तिघींपैकी स्वतःचीच भूमिका करायला ती एकटीच उरली होती.

हे सारं मला पुस्तकांतून नंतर कळलं. मुळात या जहाजाचं नाव मी ऐकलं ते माझ्या मामांच्या तोंडून. मामा अंबड तालुक्यातल्या गोदाकाठच्या खेड्याचे. १९५९ साली, अठराव्या वर्षी, घरात कुणाला न विचारता नौदलात भरती झाले. गोदावरीच्या डोहापलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. आजीला महिनाभर वाटत होतं, पोरगं दिल्लीला पळालं. खरंही होतं एका अर्थी. ते 'दिल्ली'वर तीन वर्षं स्टोकर होते, म्हणजे बॉयलरच्या कामावर. समुद्रावर राहून समुद्र न दिसणारी नोकरी.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण, दीव मोकळे करायची मोहीम झाली तेव्हा 'दिल्ली' दीवसमोर उभी होती आणि तिच्या तोफा पायदळाला साथ देत होत्या. आम्ही भाचे मंडळी लहानपणी मामांना विचारायचो, किल्ला कसा होता? मामा म्हणायचे, "किल्ला कुनी पाह्यला? म्या खाली धक्के मोजले. वरतून तोफ सुटली की पायाखालचा पत्रा उडायचा." आमची निराशा व्हायची. युद्धात गेलेला मामा आणि त्याला किल्ल्याचा रंगही सांगता येऊ नये!

आता मामा चौऱ्याऐंशीचे आहेत. काचबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ गेलेत. उजेड-अंधार तेवढा कळतो. जहाज अर्धं झालं तेव्हा मी ते बुटाच्या खोक्यात कापूस घालून एसटीने त्यांच्याकडे नेलं. अजून काही चिकटवलेलं नव्हतं. डेक आणि बुरूज कागदी चिकटपट्टीने नुसते जागेवर धरले होते. मामांनी दोन्ही तळहात धोतराला पुसले आणि जहाज मांडीवर घेतलं. नाळेपासून सुरुवात केली. बोट हळूहळू मागे सरकत होतं. एक बुरूज. दुसरा, पहिल्याच्या वर. मग मनोरा, धुराडं. धुराड्यावर थांबले, जरा हसले. पुढे गेले. तिसरा बुरूज हाताला लागला तसं बोट थबकलं.

"हे कामून ठेवलं?"

मी सांगितलं की पेटीत असंच आहे, १९३९ सालचं आहे.

"ते इंग्रजाचं. आमच्या दिल्लीला हितं बुरूज नव्हता. काढून टाक." मग जहाज हातात तोलून म्हणाले, "अन् पोट रिकामं हाय याचं. असं हलकं जहाज असतं का?"

मला काढायचाच होता, तो माझ्या कागदावर लिहिलेलाच होता. पण साठ वर्षांपूर्वी सोडलेल्या जहाजाचा आराखडा ज्याच्या बोटात शाबूत आहे, त्याच्यासमोर माझे कागद मला फार पातळ वाटले.

बुरूज काढणं सोपं, त्याची खूण पुसणं अवघड. खाली त्याची बैठक असते, गोल भोक असतं. ते भोक पुटीने भरलं, वाळल्यावर पाण्याच्या पॉलिश पेपरने घासलं, पुन्हा भरलं. आमच्याकडच्या एप्रिलमधली हवा या कामाला एकदम चांगली : पुटी तासाभरात खडखडीत. रंग मात्र ब्रशवरच सुकतो, म्हणून रंगकाम पहाटे पाचला. मग त्या जागी चार बारीक तोफांचा घोस तारेतून केला. एकेक तोफ भिंगाखाली, चिमट्याने. दोन दिवसांत तीन झाल्या, चौथी जमिनीवर पडली ती अजून सापडलेली नाही, नवी केली. विमान उडवायची यंत्रणाही काढली, कारण तीही नंतर राहिली नव्हती. पोटासाठी गल्लीच्या तोंडाशी चाललेल्या बांधकामावरून आठ मिलिमीटर सळईचे तीन तुकडे मागून आणले. जालन्याच्या भट्टीत भंगार वितळून जी सळई होते, तीच. डेक बंद करण्याआधी ते आत पक्के बसवले. आता जहाज हातात घेतलं की जड लागतं.

झेंड्यावरून घरात दोन तट पडले. नातवाचं म्हणणं, नवा लावा. २ सप्टेंबर २०२२ ला कोची इथे जो ध्वज नौदलाला मिळाला, त्याच्या निळ्या अष्टकोनामागे छत्रपती शिवाजी महाराजांची राजमुद्रा आहे. मराठी मुलाला तो आवडणारच, मलाही आवडतो. पण 'दिल्ली'वर १९५० पासून जो ध्वज होता त्यावर कोपऱ्यात तिरंगा आणि मधोमध इंग्रजांचा तांबडा क्रूस होता. काही जणांना तो खुपे. एकदा २००१ साली काढलाही आणि २००४ मध्ये परत आणला. मी मामांना फोन केला. ते म्हणाले, "मी ज्याला सलाम ठोकला तोच लाव." नातवाचा मुद्दा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पण प्रतिकृती करणाऱ्याने काळाशी खोटं बोलू नये, एवढं मात्र मला पटतं. सिगारेटच्या चांदीवर सहा मिलिमीटरचा ध्वज रंगवला. क्रूसासह.

खरं जहाज आता कुठेच नाही. ३० जून १९७८ रोजी मुंबईत 'दिल्ली' सेवेतून निवृत्त झाली आणि पुढे मोडीत निघाली. मोडण्याआधी तिचा एक तोफबुरूज न्यूझीलंडला भेट दिला गेला. तो आज ऑकलंडजवळ डेव्हनपोर्टच्या नौदल तळाच्या दाराशी उभा आहे, रंगरंगोटी करून. त्यांच्यासाठी तो ॲकिलीसचा बुरूज. पण त्याच बुरुजावर आपल्या पोरांनी तीस वर्षं कवायती केल्या, दीवला मारा केला. कॅनडात तर एजॅक्सच्या नावाचं एक गावच आहे आणि तिथल्या रस्त्यांना तिच्या खलाशांची नावं दिली आहेत. आपण पहिली विक्रांत काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवली, सांभाळवेना, आणि २०१४ मध्ये तीही तोडली. तिच्या पोलादाच्या मोटारसायकली निघाल्या. भंगाराला मी नावं ठेवत नाही. जालन्याचा माणूस भंगाराला नावं कशी ठेवील? आमच्या शहराची भाकरी त्यावर चालते, आणि आमच्यापैकी कित्येकांच्या घराच्या स्लॅबमध्ये कुठलं तरी जुनं जहाज, जुनी रेल्वे, जुना पूल झोपलेला असणार. नाव टिकलंय हेही खरं : माझगाव गोदीत बांधलेली नवी 'दिल्ली' १९९७ साली नौदलात आली. पण जुन्या नौकेवर ज्यांनी कोळपून घेतलं ती माणसं अजून खेड्यापाड्यांत आहेत, एकेक करून जाताहेत, आणि त्यांना बोटाने चाचपून दाखवावं असं आपल्याकडे काही नाही. मला वाटतं प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी, वाचनालयात का होईना, अशी एखादी काचेची पेटी असावी. खर्च फार नाही. वेळ लागतो.

दिवाळीच्या आधी पुरं झालेलं जहाज मामांकडे नेलं. घरातली सगळी ओसरीवर जमली. नातसुनेने विचारलं, "आबा, तुम्ही कुठं असायचे यात?" सगळ्यांना वाटलं मामा डेकवर कुठेतरी, तोफांपाशी, झेंड्यापाशी बोट ठेवतील. मामांनी धुराडं चाचपून काढलं. तिथून बोट सरळ खाली आणलं, डेकच्या कडेवरून, रंगवलेल्या पाणरेषेच्याही खाली, जिथे नुसती गुळगुळीत तांबडी भिंत आहे आणि एक खिडकीसुद्धा नाही.

"हितं," ते म्हणाले. "आतून."